दर्या आणि दऱ्या

"मग नवीन माणसांना आत घ्यायचंच नाही… असं केलं तर चालेल ना, बाई?"

सौमित्र सकाळपासून हेच विचारत होता. शब्द बदलून बदलून.

विद्वांस बाई झोपाळ्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. झोपाळा हलत होता.

बाई आंजर्ल्याला राहत. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ऐन नोकरीच्या काळात त्यांनी एक उद्योग करून ठेवला होता. मराठी पुस्तकं कुणालाही घरच्या घरी संगणकावर छपाईसाठी जुळवता यावीत म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'बोरू' आणि तो फुकट वाटला. वापरणाऱ्यांचं अडलं तर त्यांनी कुठे विचारायचं? म्हणून इंटरनेटवर एक जागा केली. तिचं नाव 'ओसरी'.

आता ओसरी सौमित्र सबनीस सांभाळत असे. पुण्यात नोकरी, आणि नोकरीतून उरलेला सगळा वेळ ओसरीवर. बोरूतलं त्याला ठाऊक नाही असं काही नव्हतं. अंगात ताप असला तरी तो पांघरुणातून उत्तरं द्यायचा. त्याचं उत्तर कधी चुकलं नाही.

फक्त, त्याचं उत्तर मिळालेला माणूस पुन्हा काही विचारायला येत नसे.

"का घ्यायचं नाही?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"तेच तेच विचारतात, बाई. 'सूर्यातला र्या कसा काढायचा?' 'इथे रफार का नाही आला?' रोज एक नवा उगवतो आणि हेच विचारतो. मी लिहितो, 'हे आधीच सांगून झालं आहे.' तर रुसतात."

"मग?"

"आधी परीक्षा घेऊ. छोटीशीच. पास होईल तो आत. बाकीच्यांनी शिकून यावं."

"शिकून यावं…" बाई म्हणाल्या. "कुठून?"

"कुठूनही."

मागच्या माडांच्या आगरात पाटाचं पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"कर," बाई म्हणाल्या.

सौमित्र चपापला. घाट उतरताना त्यानं केवढे तरी मुद्दे मनात रचून ठेवले होते. ते सगळे तसेच राहिले.

"तुम्हाला… वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना."

"मग अडवत का नाही?"

"तू विचारायला आलायस, की सांगायला?"

सौमित्रनं मान खाली घातली.

ओसरीचे सगळे अधिकार आजवर बाईंच्या हाती होते. त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, पासवर्ड तोंडानं सांगितला आणि म्हणाल्या, "आजपासून हे तुझं. आता हातपाय धू. फणसाची भाजी गार होईल."

…

ओसरीच्या दारावर पाटी लागली. 'फक्त जाणकारांसाठी.'

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. कुणी भलतंसलतं विचारेना. जे सात-आठ जाणते उरले ते एकमेकांशी नीट, मुद्देसूद बोलत. सौमित्रला वाटलं, बाईंना हे दाखवायला हवं.

मग दोघांचा वाद झाला. अनुस्वाराचा ठिपका गोल असावा की किंचित चौकोनी? वाद लांबला. त्यात कुणी कुणाचं शिक्षण काढलं. एक जण निघून गेला, त्याची बाजू घेणारा दुसराही गेला.

उरलेले गप्प झाले.

सौमित्र सकाळी उठून पाही. काही नाही. जेवणाच्या सुट्टीत पाही. काही नाही.

एका रविवारी त्यानं स्वतःच बसून जोडाक्षरांवर एक लेख लिहिला. इतकं सोपं, इतकं सुरेख त्यानं आजवर लिहिलं नव्हतं. लिहिताना त्याला स्वतःलाच मजा आली. ओसरीवर टाकला आणि वाट पाहत बसला.

संध्याकाळी एक उत्तर आलं.

'हे आम्हाला माहीत आहे.'

त्यानं लॅपटॉप मिटला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आंजर्ल्याला गेला. वैशाख होता. बाई पडवीत बसून डाळिंब्या सोलत होत्या. भिजवून मोड आणलेले वाल, एकेक दाबायचा की साल सुटून येतं.

"ये रे," बाई म्हणाल्या. "वाळलास."

तो समोर बसला.

बाईंनी परात त्याच्याकडे थोडी सरकवली. तोही सोलू लागला.

"बाई… कुणी काही विचारतच नाही."

"हं."

"मला वाटलं होतं, त्रास संपेल."

"संपला का?"

"संपला…" तो म्हणाला. "पण बाई, मला करमत नाही हो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. ओला हात पदराला पुसून त्याच्या डोक्यावरून एकदा फिरवला आणि पुन्हा परातीत घातला.

तेवढ्यात फाटकापाशी कुणी तरी विचारलं, "बोरूवाल्या बाई इथंच राहतात का?"

चाळिशीच्या पुढची एक बाई उन्हातून आली होती. छत्री मिटून ती पायरीखालीच थांबली.

"वर या," विद्वांस बाई म्हणाल्या. "मीच ती. पाणी घ्या आधी."

तिचं नाव कुंदा चोगले. खाडीपलीकडच्या हर्णैची. तिथल्या कोळीवाड्यात अंगणवाडी चालवायची. तिच्या मुलांना वाचायला म्हणून ती एक छोटं पुस्तक जुळवत होती. गोष्टी होत्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाच्या. जन्मभर होडी हाकलेला माणूस. तो सांगायचा, कुंदा लिहून घ्यायची. नारळी पौर्णिमेला मुलांच्या हातात पुस्तक द्यायचं, असं तिनं तांडेलाला कबूल केलं होतं.

"मग?" बाईंनी विचारलं.

कुंदानं पिशवीतून छापलेला एक कागद काढला. लाजत पुढे केला.

"हे बघा ना. मी लिहिते, दर्यात होडी गेली. आणि हे छापतं, दऱ्यात होडी गेली. आमचा अख्खा दर्या यानं डोंगरात चढवून ठेवलाय."

बाई मोठ्यानं हसल्या. कुंदाही हसली. सौमित्रलाही हसू आलं, पण पुढचं ऐकून ते ओठांवरच राहिलं.

"मागे तुमच्या त्या ओसरीवर विचारलं होतं मी," कुंदा म्हणाली. "तिथं एक सर आहेत. फार हुशार आहेत म्हणतात. त्यांनी लगेच उत्तर दिलं हो. हे आधीच सांगून झालं आहे, म्हणाले. मी पुन्हा विचारलं, कुठं सांगितलंय ते सापडत नाही. तर म्हणाले, ज्यांना 'र' कळत नाही त्यांनी पुस्तकं काढायच्या भानगडीत पडू नये."

सौमित्रच्या बोटात वाल तसाच राहिला.

"बरोबरच असेल त्यांचं," कुंदा म्हणाली. "कामात असतील. मी सोडून दिलं मग. पण आमचा तांडेलबाबा ऐकतोय होय? त्याचं घर वाटेवर आहे. रोज दारात बसून विचारतो, 'बुक झाला का गो?' काय सांगू त्याला? हल्ली मी दुसऱ्या गल्लीनं जाते. लांब पडतं… पण जाते."

पदराच्या टोकानं तिनं मान पुसली.

"काल मीटिंगला कुणी तरी म्हणालं, बोरू ज्यांनी केलं त्या बाई आंजर्ल्याला असतात. म्हटलं, एकदा विचारून बघावं. रागावल्या तर रागावल्या."

विद्वांस बाईंनी सौमित्रकडे पाहिलं नाही. त्या डाळिंब्या सोलत राहिल्या.

…

"ते सर मीच," सौमित्र म्हणाला.

कुंदानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगो बाई!" ती म्हणाली. "तुम्ही तर पोरसवदा दिसता. मला वाटलं, कुणी म्हातारे असतील. संधिवात-बिधिवात असणारे."

आता बाईंना हसू आवरेना. सौमित्रचे कान लाल झाले.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तसं लिहायला नको होतं मी."

"जाऊ दे ओ. आता सांगता ना?"

"सांगतो."

तो लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसला. नेहमीच्या सफाईनं सुरुवात केली.

"त्याचा नियम आहे. आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर रफार. नसेल तर…"

"आघात म्हणजे?"

सौमित्र थांबला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं असेल, त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

"जोर. म्हणजे… असं बघा. मोठ्यानं म्हणा. दर्या."

"दर्या," कुंदा म्हणाली.

"आता डोंगरातल्या. दऱ्या."

"दऱ्या."

"फरक कळला?"

"नाही."

सौमित्रनं पुन्हा म्हटलं. कुंदानं पुन्हा म्हटलं. त्यानं मांडीवर थाप मारून जोर दाखवला. तिनंही आपल्या मांडीवर थाप मारली. शेजारच्या आगरातला माणूस माडावरून वाकून बघू लागला. ही दोघं काय करतायत त्याला कळेना.

"थांबा, थांबा," कुंदा म्हणाली. "दर्-या. इथं 'द'वर पाय रोवावा लागतोय. आणि दऱ्या… इथं नुसतं घसरायचं. असं?"

"असंच!" सौमित्र जवळजवळ ओरडला. "अगदी असंच!"

त्याला इतका आनंद झाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कुंदाचा चेहराही उजळला होता. डोक्यात दिवा लागताना समोरच्याचा चेहरा कसा दिसतो हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ओसरीवर चेहरे दिसत नसत.

"पण सर…"

"सर नका म्हणू."

"बरं. पण मला एक सांगा. मी हे तोंडानं म्हटलं, कानानं ऐकलं, तेव्हा कळलं. या बोरूला कुठं कान आहेत? मग कुठला 'र' घ्यायचा हे त्याला कसं कळतं?"

"ते तसं…" सौमित्र म्हणाला.

आणि थांबला.

डाळिंब्या सोलायच्या थांबल्या होत्या.

"त्याला कळत नाही," तो हळूच म्हणाला. "ते अंदाज करतं."

"कुणी शिकवला त्याला अंदाज?"

सौमित्र स्क्रीनकडे पाहत राहिला.

बाईंच्या मूळ बोरूत अंदाज नव्हता. लिहिणारा जो 'र' देईल तोच उमटे. लोकांचे कष्ट वाचावेत म्हणून सौमित्रनं मागाहून ती सोय केली होती. मराठीत दुसऱ्या, सुऱ्या, बऱ्या असेच शब्द जास्त, म्हणून बोरूनं आपण होऊनच तसा 'र' घ्यावा. तेव्हा ओसरीवर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

मग दर्यावाले आले. आर्यावाले आले. भार्या, चर्या, सूर्यावाले आले. एकेक जण येऊन दारात उभा राहून तेच विचारत होता. आणि तो दारातच प्रत्येकाला सांगत होता, हे आधीच सांगून झालं आहे.

इतके जण एकच गोष्ट का विचारतात, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"मी," तो म्हणाला. "मी शिकवला."

कुंदाला वाटलं, आपण काही तरी वावगं बोललो. "नाही हो, मी आपली सहज…"

"बाई," सौमित्र वळून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं हे?"

"नव्हतं रे," विद्वांस बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत लहान पोरासारखी मजा होती. "मला कुठं दर्यावर लिहायचं होतं? आत्ता कळलं. पुढे काय करतोस? दाखव ना, मी पण बघते." आणि त्या परात बाजूला सारून, गुडघ्यावर हात टेकत, त्या दोघांच्या मागे येऊन बसल्या.

दुपार तिथंच गेली. सौमित्रनं तो अंदाज काढून टाकला. त्याऐवजी असा शब्द आला की बोरूनं दोन्ही रूपं शेजारी शेजारी दाखवावीत, लिहिणाऱ्यानं हवं ते निवडावं, असं केलं. दर पायरीला तो कुंदाला विचारी, "हे कळतंय का?" ती "नाही" म्हणाली की तो हसून मोडे आणि पुन्हा करी. मध्ये बाईंनी पन्हं दिलं. जेवणाचं सगळे विसरूनच गेले.

शेवटी कुंदानं पहिली गोष्ट उघडली. बोट ठेवून ठेवून वाचली.

'दर्यात होडी गेली.'

बोट त्या शब्दावरून तिनं बराच वेळ उचललं नाही.

मग एकदम घाई केली. "बस चुकेल माझी."

सौमित्र तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. "आणखी काही अडलं तर विचाराल ना?"

"विचारीन की. तुमच्या ओसरीवर आता परीक्षा असते म्हणतात. मला नाही जमायची."

"नसेल," सौमित्र म्हणाला. "उद्यापासून नसेल. उद्या कशाला, आत्तापासूनच."

"मग विचारीन," कुंदा म्हणाली. छत्री उघडून ती चालू लागली. थोडं पुढे जाऊन वळली. "आज सरळ तांडेलबाबाच्या दारावरूनच जाते. त्याला सांगते, बुक होतोय म्हणून."

…

तो पडवीत परतला. लॅपटॉप बाईंपुढे ठेवला.

"परीक्षा काढून टाका, बाई. ती पाटीही. तुमच्या हातानं काढा."

बाई पुन्हा परातीपाशी बसल्या होत्या. "माझे हात वालाचे आहेत. तूच काढ."

त्यानं पाटी काढली. परीक्षा काढली. आधी लिहिलेलं आपलं एकेक उत्तर वाचत गेला. काही ठिकाणी थांबला. एका ठिकाणी फार वेळ थांबला. मग त्या माणसाला लिहायला घेतलं, 'तुम्ही विचारलं होतं ते…'

लिहून झाल्यावर तो बाईंच्या समोर येऊन बसला. मुठीत वाल घेतले. तरी मनातलं एक काही जाईना.

"एक सांगू का, बाई? रागावू नका."

"सांग."

"माझं वागणं चुकलं. ते कबूल. पण दर्या आणि दऱ्या… दोन्ही कसे काढायचे ते ओसरीच्या माहितीच्या पानावर होतं. नीट, उदाहरणं देऊन लिहिलं होतं मी. कुंदाताईंनी थोडं आणखी शोधलं असतं, तर उत्तर त्यांना तिथंच सापडलं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. "उत्तर सापडलं असतं."

त्यांनी एक डाळिंबी सोलली. मग आणखी एक.

"…तुला कुंदा कुठं सापडली असती?"